१९७४ ची पद्मिनी की २०२४ ची स्विफ्ट? दोन्ही दारात उभ्या आहेत, होऊ द्या चर्चा

निवांत_मिरजकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मिरजेच्या घरी पत्र्याच्या शेडमध्ये वडिलांची १९७४ ची गाडी उभी आहे. कागदावर प्रीमियर पद्मिनी, गल्लीत मात्र कायम 'फियाट'. शेजारी २०२४ ची स्विफ्ट. वडील आता रस्त्यावर गाडी काढत नाहीत, पण दर रविवारी सकाळी फियाट चालू करतात, दहा मिनिटं तशीच ठेवतात आणि बंद करून चहाला येतात.

लेकीला नुकतंच लायसन्स मिळालंय. तिचं म्हणणं, फियाट नीट करू आणि वापरू. बायकोचं म्हणणं, विका आणि शेडमध्ये वाळवणाला जागा करा. मी मधला माणूस, म्हणून कागद घेऊन दोन्ही गाड्यांचा तक्ता मांडला आणि चक्रावलो.

इंजिन १०८९ सीसी विरुद्ध ११९७ सीसी. वजन दोघींचं ९०० किलोच्या आगेमागे. लांबी दोघींची ४ मीटरच्या आत. म्हणजे मापाने दोघी बहिणी शोभाव्यात. पण ताकद एकीची ४० हॉर्सपॉवरच्या आसपास, दुसरीची ८२. त्यातही गंमत म्हणजे पद्मिनीला सिलिंडर चार आणि नव्या स्विफ्टला तीनच! मायलेज कंपनीच्या हिशोबाने स्विफ्टचं लिटरला २४.८, आमची फियाट चांगल्या दिवसांत १२ च्या पुढे गेली तर वडील खुश असायचे.

तर प्रश्न असा, की तेवढंच लोखंड आणि तेवढंच इंजिन घेऊन ५० वर्षांत नेमकं काय बदललं? आणि फियाट नीट करून लेकीच्या हाती रोजच्या वापराला द्यावी का? भावनिक मुद्दे टाळा, ते आमच्या घरात भरपूर आहेत.

चोक_ओढा

फोटो?

कांदेनवमी

फोटो नाहीत तर धागा फाऊल धरण्यात यावा. रंग कुठला? हँड गिअर की खाली गिअर?

निवांत_मिरजकर

दुधी रंग. हँड गिअर, पुढे सलग सीट. फोटो लेक काढणार आहे, आधी धूळ पुसायची आहे म्हणे.

घाटमाथा

माझ्या आवडीचा विषय, त्यामुळे प्रतिसाद लांबणार.

तुमच्या तक्त्यात एक रकाना राहिला: ड्रायव्हरने काय काय करायचं. स्विफ्टमध्ये बटण दाबलं की काम झालं. हवा थंड आहे की गरम, इंजिन तापलंय की नाही, पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, हे सगळं तिचा ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) प्रत्येक ठिणगीला ठरवतो. फियाटमध्ये ते तुम्ही ठरवायचं. थंडीत चोक (हवा कमी करून पेट्रोल वाढवणारी दांडी) किती ओढायचा आणि कधी आत ढकलायचा, हे कानाने. जरा उशीर झाला की प्लग ओले, मग बसा फडकं घेऊन पुसत. पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअरच्या चक्रांचा वेग जुळवणारी सोय) नाही, म्हणून गाडी पुरती थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही. टाकलात तर दात किरकिरल्याचा आवाज अख्ख्या चौकाला जातो. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. पाण्यातून गाडी काढली की पुढची काही मिनिटं ब्रेक लागतच नाहीत. जाणकार माणूस पाण्यातून बाहेर येताच डाव्या पायाने ब्रेक हलका दाबून ठेवतो आणि ड्रम सुकवून घेतो. हे आता कुठलं ड्रायव्हिंग स्कूल शिकवतं?

घाटात तर वेगळाच सोहळा. कार्बोरेटरवाल्या (पेट्रोल आणि हवा मिसळणारं जुनं यंत्र असलेल्या) गाड्यांचं ठरलेलं दुखणं म्हणजे एप्रिल-मेमध्ये चढावर इंजिनजवळचा पेट्रोलचा पंप तापतो, पाइपात पेट्रोलची वाफ होते आणि इंजिन गप्प. बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळाजवळ बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना आठवेल. उपाय एकच, ओलं फडकं पंपावर टाकायचं आणि शिंग्रोबाला नाणं. दोन्हींचा गुण येई. आता पंप टाकीत बुडालेला असतो आणि पाइपात दाब कितीतरी जास्त, त्यामुळे वाफ धरायचा प्रश्नच जवळपास मिटला.

म्हणून फरक फक्त ४० आणि ८२ हॉर्सपॉवरचा नाही. जुनी गाडी निम्मी लोखंडाची होती आणि निम्मी चालवणाऱ्याच्या डोक्यात होती. नवीने ते डोक्यातलं सगळं चिपमध्ये घेतलं.

बाडिस_बंड्या

घाटमाथा, दंडवत. डाव्या पायाने ब्रेक सुकवणे आमच्या काकांची खासियत. काकू ओरडायच्या, "पुढे जायचंय की थांबायचंय ते एकदा ठरवा."

स्पष्टवक्ती_सातारा

घाटमाथा, लेख सुंदर, पण तुमच्या सगळ्या आठवणी स्टिअरिंगच्या मागे बसलेल्याच्या आहेत. मी मागून ढकलणाऱ्यांतली.

आमच्याकडेही फियाट होती. पावसाळ्यात डेल्कोत (प्लगना ठिणगीची वीज वाटणाऱ्या डबीत) ओल शिरली की गाडी चालू व्हायची नाही. मग बाबा आत, क्लच दाबून, काच खाली करून सूचना देणार. आणि आई साडी खोचून, मी आणि भाऊ शाळेच्या गणवेशात, मागून ढकलणार. गाडी चालू झाली की बाबा पुढच्या वळणापर्यंत जाऊन थांबायचे, कारण लगेच थांबवली तर परत बंद पडेल. आम्ही पळत जाऊन चालू गाडीत बसायचो. लोक याला 'गाडीचं व्यक्तिमत्त्व' म्हणतात.

मी गाडी शिकले ती त्याच फियाटवर. पुढची सीट सलग. ती पुढे घेतली तर शेजारी बसलेल्या बाबांचे गुडघे डॅशबोर्डला, म्हणून माझ्या पाठीला दोन उश्या. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे उभ्या गाडीत चाक वळवायचं तर सीटवरून अर्धं उठावं लागे. आज माझ्याकडे ऑटोमॅटिक आहे आणि मला कुठलीही रुखरुख नाही.

लेकीला द्या जरूर, पण ढकलायला कोण येणार तेही ठरवून ठेवा.

कांदेनवमी

+१. "पुढच्या वळणापर्यंत जाऊन थांबायचे" याला हसू आवरेना.

रांगडा_गडी

सगळं खरं, पण पत्रा? पत्र्याचं कुणीच बोलेना. आत्ताच्या गाडीच्या दाराला अंगठा जोरात दाबा, पत्रा आत जातोय. पार्किंगमध्ये कुणाची सायकल टेकली तरी पॅनेल गेलं. आमच्या गावात फियाटला बैलगाडी धडकली, फियाटच्या बंपरला ओरखडा आणि बैलगाडीचं जू मोडलं. लेकीला द्यायची तर हीच द्या, निदान चारी बाजूंनी लोखंड आहे. कोल्हापुरात अजून दोन-चार फियाट नुसत्या पळत्यात, लय भारी दिसत्यात.

न्यूजर्सीचा_नाना

रांगडासाहेब, पत्रा जाड म्हणजे माणूस सुरक्षित, हे समीकरण इथे अमेरिकेत प्रत्यक्ष आपटून पाहिलं गेलंय. २००९ मध्ये आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या संस्थेने तिच्या ५० व्या वर्षानिमित्त १९५९ ची शेवरले बेल एअर आणि २००९ ची शेवरले मालिबू समोरासमोर, दोघींचे अर्धेअर्धे नाक एकमेकांवर येईल अशी, ताशी ६४ किलोमीटरने धडकवली. बेल एअर म्हणजे तुमच्या फियाटच्या चौपट भासेल अशी अवाढव्य गाडी. निकाल काय? बेल एअरचा काचेजवळचा खांब वाकून आत आला, स्टिअरिंग मागे सरकून ड्रायव्हरच्या जागी बसवलेल्या पुतळ्यावर आलं, दार उघडलं. त्या जागी माणूस असता तर वाचला नसता. मालिबूचं नाक पार चुरा झालं, पण बसायची जागा जशीच्या तशी. पुतळ्याच्या पायाला काय ते लागण्याची शक्यता.

कारण सोपं आहे. धडकेतली ताकद कुठेतरी जिरलीच पाहिजे. नव्या गाडीचं नाक मुद्दाम चुरगळण्यासाठीच बनवलेलं असतं आणि मधला पिंजरा कडक ठेवलेला असतो. ही कल्पना मर्सिडीजच्या बेला बारेनी या इंजिनिअरने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच पेटंट केली होती. जुन्या गाडीत चुरगळायचं काम शेवटी आत बसलेल्यांकडे येतं. तुमच्या बैलगाडीच्या धडकेत वेग किती होता हो?

रांगडा_गडी

बैलाचा वेग तो केवढा असणार.

पण नाना, त्या बेल एअरच्या चॅसीवर (बॉडीखालच्या सांगाड्यावर) तेव्हाही लोकांनी शंका काढली होती, इंग्रजी एक्ससारखी होती म्हणून बाजूला जोर नव्हता. त्यावरून फियाट वाईट कसं म्हणता?

न्यूजर्सीचा_नाना

मुद्दा मान्य, ती चॅसी तशी होतीच. फियाट ११००, म्हणजे पद्मिनीचं मूळ मॉडेल, तर वेगळ्या चॅसीशिवाय, आजच्यासारखी एकसंध बॉडीची गाडी. त्या काळी पुढारलेली. पण एकसंध असणं वेगळं आणि कुठे चुरगळावं, कुठे अजिबात नाही, याचा हिशोब करून बनवणं वेगळं. १९७४ च्या पद्मिनीत एअरबॅग नाही, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय) नाही, डोक्यामागे आधार नाही, स्टिअरिंगचा दांडा घडी न होणारा आणि थेट छातीकडे रोखलेला. नव्या स्विफ्टला सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलमध्ये आहेत. नव्या लायसन्सवाल्या मुलीच्या बाबतीत मी इथे तडजोड करणार नाही.

पॉपकॉर्न_प्या

तिखट-मीठ लावून बसलोय. चालू द्या.

काळीपिवळी

माझे वडील मुंबईत टॅक्सी चालवायचे. पद्मिनीच. त्यांच्याकडून ऐकलेलं आणि पाहिलेलं लिहितो.

दिवसभर हँड गिअर मारून त्यांच्या डाव्या खांद्याचं काम झालं होतं. इंजिनची गरमी पायांवर यायची, मे महिन्यात घोटे भाजायचे. डिकीत सीएनजीची टाकी बसली आणि सामान वरच्या कॅरिअरवर गेलं. सत्तरी ओलांडलेल्या पॅसेंजरच्या बॅगाही ते स्वतः चढवायचे. एसी म्हणजे ती त्रिकोणी काच, तिरकी केली की वारा थेट तोंडावर. ती काच मात्र आजच्या गाड्यांत असायला हवी होती, हे त्यांचंही मत.

ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा पेपरांत पानं भरून आली. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आणि शेवटची नोंदणी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ची. लोक फोटो काढत होते, हळहळत होते. वडिलांना विचारलं, "वाईट वाटतंय का?" म्हणाले, "ज्यांनी मागे बसून फिरली त्यांना वाटू दे." त्यांनी त्याआधीच नवी छोटी गाडी घेतली होती. पॉवर स्टिअरिंगवर पहिल्या दिवशी घरी येऊन एका बोटाने स्टिअरिंग फिरवून दाखवत होते, हवेतच.

हां, एक मात्र कबूल करायचे. पद्मिनी कुठेही, कुणाकडूनही दुरुस्त व्हायची. फुटपाथवरचा मिस्त्री अर्ध्या तासात क्लच केबल बदलून द्यायचा.

चोक_ओढा

मस्त प्रतिसाद. पद्मिनीचं कुर्ल्याचं नातं पण सांगायला हवं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, कारखाना कुर्ल्याला. फियाट ११०० डिलाइट १९६४ पासून. इटलीत हे ११००-डी मॉडेल १९६६ ला बंद झालं आणि आपल्याकडे जवळपास २००० पर्यंत तेच अंग, तेच इंजिन. म्हणजे धागाकर्त्याची १९७४ ची गाडी तेव्हाच जुन्या धाटणीची होती! परवाना राजमध्ये स्पर्धाच नव्हती, बदलायचं कशाला? बुकिंग करून वर्षानुवर्षं थांबायचं, नाहीतर 'ऑन', म्हणजे किमतीवर जादा पैसे, देऊन घ्यायची.

बाडिस_बंड्या

अवांतर: लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना फियाट घेतली ती १२,००० रुपयांना, त्यातले ५,००० पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज. त्यांच्या पश्चात घरच्यांनी ते फेडलं. आज १२,००० मध्ये स्विफ्टचा एक हेडलाइट तरी येतो का?

हिशोबनीस

बंड्याने बरोब्बर जागी हात घातला. धागा 'तेव्हाची सुरक्षा, आताची सुरक्षा' यात अडकलाय, पण खिशाचं काय?

माझ्या नव्या गाडीला (कंपनी सांगत नाही) मागे स्कूटर घासली. बंपरला हलकीशी भेग. बंपर बदला, त्यातला पार्किंग सेन्सर बदला, क्लिपा तुटल्या त्या वेगळ्या, रंग वेगळा. विमा होता म्हणून वाचलो. दुरुस्ती नावाचा प्रकारच उरला नाही, सगळं असेंब्लीवर. फियाटमध्ये सीबी पॉइंट (डेल्कोतले ठिणगी पाडणारे संपर्क) घासून परत बसवायचे, डायनामोचे कार्बन बदलायचे, दिव्याची काच फुटली तर फक्त काच यायची. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाउसला पार्ट मिळायचे, अजूनही काही मिळतात.

आणि २६ जुलै विसरलात? २००५ साली सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. आमच्या सोसायटीत सगळ्या गाड्या बुडाल्या. शेजाऱ्यांच्या फियाटचं ऑइल बदललं, डेल्को आणि कार्बोरेटर सुकवून साफ केले, चौथ्या दिवशी गाडी चालू. नव्या गाड्यांचे ईसीयू गेले, कितीतरी थेट भंगारात.

स्पष्टवक्ती_सातारा

हिशोबनीस, बरोबर. पण तुम्ही पॉइंट घासायला लागायचे ती वारंवारताही लिहा की. माझी गाडी वर्षातून एकदा सर्व्हिसिंगला जाते. बाबांची फियाट दर रविवारी उघडलेली असायची. त्या रविवारांचा हिशोब कुठल्या वहीत?

हिशोबनीस

वहीचं पान सापडत नाहीये.

उंदीर_त्रस्त

नव्या गाडीचा सगळ्यात मोठा शत्रू कुणी सांगितलाच नाही. उंदीर! माझ्या गाडीची वायरिंग कुरतडली, डॅशबोर्डवर चार दिवे एकदम पेटले, गाडी जागची हलेना. फियाटच्या वायरी मोजून चार, त्या कुरतडून उंदराला काय मिळणार?

कांदेनवमी

बॉनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवा.

उंदीर_त्रस्त

ठेवली. तंबाखू गायब, वायरी पण गायब. आता उंदरांना व्यसन लागलंय.

पॉपकॉर्न_प्या

मूळ मुद्द्यावर या लोकहो, नाहीतर धागा 'उंदीर: एक चिंतन' विभागात हलवतील.

आरटीओ_वारी

येतो मूळ मुद्द्यावर. मिरजकर, तुमची गाडी १९७४ ची, म्हणजे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं पूर्ण. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे तिला व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, १० वर्षांनी नूतनीकरणाला ५,०००. नव्याने नोंदवलेल्या गाडीला नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण दोन अटी नीट वाचा. एक, गाडी मूळ स्वरूपात हवी. इंजिन, चॅसी, बॉडीत मोठे फेरफार नकोत. दोन, व्हिंटेज गाडी नियमित वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर.

म्हणजे लेकीला कॉलेजला न्यायची तर हा मार्ग बंद. मग नेहमीचं पासिंग: दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी, वर पर्यावरण कर. १५ वर्षांपुढच्या कारला २०२२ पासून पुनर्नोंदणीचं शुल्कच ५,००० झालं आणि २० वर्षांपुढे ते नंतर आणखी वाढवलंय. आणि हो, एचएसआरपी पाटी (नवी सुरक्षित नंबरप्लेट). फियाटच्या मागच्या पाटीची जागा नव्या पाटीच्या मापाला जुळते का ते आधी बघा.

निवांत_मिरजकर

आरटीओ_वारी, हे कुणीच सांगितलं नव्हतं. कागद काढून बसतो. पासिंग कधी संपलंय ते बघून वडिलांच्या चेहऱ्यावरून काहीतरी गडबड वाटतेय.

स्पॅनर

गॅरेज माझं, जुन्या गाड्यांचंच काम करतो, म्हणून दोन गोष्टी.

पहिली: दर रविवारी दहा मिनिटं जागेवर चालू ठेवणं ताबडतोब थांबवा. इंजिन पुरतं तापत नाही, सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी साठतं, सायलेन्सर आतून गंजतो. कागद नीट असतील तर बाहेर काढून सात-आठ किलोमीटर फिरवा, नाहीतर बंद ठेवा आणि बॅटरी काढा.

दुसरी: पेट्रोल. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं. जुने रबरी पाइप, गाडीतल्या पेट्रोलपंपाचा पडदा, कार्बोरेटरची पॅकिंगं या इथेनॉलला बनवलेली नाहीत. फुगतात, मऊ होतात, शेवटी गळतात. तापलेल्या इंजिनजवळ पेट्रोल गळणं म्हणजे काय ते सांगायला नको. पुन्हा इथेनॉल पाणी ओढतं, गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीच्या तळाशी ते वेगळं होऊन बसतं आणि टाकी गंजते. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाही पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे कार्बोरेटरच्या जुन्या जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या छिद्रावर) मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी, पडतं आणि इंजिन गरम होतं. स्विफ्टचा सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो, कार्बोरेटरला काय कळणार? जेट बदलावा लागतो.

तिसरी पण सांगून टाकतो: आपल्याकडे २००० सालापासून पेट्रोलमधलं शिसं गेलं. त्याआधीच्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीटला त्या शिशाचाच आधार होता. हेड कधी उघडलं असेल आणि कडक सीट बसवल्या असतील तर ठीक, नाहीतर सीट झिजत जाते. टॅपेट सारखे घट्ट व्हायला लागले की समजा.

लंडनची_लीला

इकडे ब्रिटनमध्ये २०२१ ला साधं पेट्रोल १० टक्के इथेनॉलचं केलं तेव्हा जुन्या गाडीवाल्यांनी बराच आरडाओरडा केला. महागड्या 'सुपर' पेट्रोलमध्ये इथेनॉल ५ टक्क्यांवर ठेवलं, म्हणून त्यांची सोय झाली. शिवाय ४० वर्षांपुढच्या, मोठे फेरफार न केलेल्या गाडीला इथे दरवर्षीची तपासणीही माफ आहे. त्याचा एक परिणाम: रविवारी गावाच्या रस्त्यावर अशी एखादी गाडी पुढे लागली की तिच्या धुराने डोळे चुरचुरतात. कौतुक करताना हे कुणी लिहीत नाही. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, मिश्रण जाड. त्या एका गाडीचा वास गल्लीभर राहतो.

घाटमाथा

लीलाताई, शंभर टक्के. लहानपणी तो वास आवडायचा, आता खोकला येतो.

रांगडा_गडी

पत्रा, सुरक्षा, धूर, पेट्रोल, पासिंग, सगळीकडे हरलो. आता एकच विचारतो. रस्त्याने स्विफ्ट गेली तर कोण मान वळवून बघतं?

न्यूजर्सीचा_नाना

ही फेरी बिनविरोध तुमची.

निवांत_मिरजकर

सगळ्यांचे आभार. दोन आठवड्यांत बरंच घडलं.

पासिंग २०१९ लाच संपलेलं निघालं, वडील म्हणतात, "शेडमध्ये कोण विचारतंय." मिस्त्रींना बोलावून दाखवली. पुढचे किंगपिन (चाक ज्यावर वळतं ते खिळे) ढिले, चाक हलवलं की हाताला कळतं. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांपैकी एक तुटलेली. उजव्या बाजूची दाराखालची पट्टी वरून ठणठणीत. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं, तर रंगाच्या पापुद्र्यातून आत गेलं आणि गंजाचा भुगा पायावर. इंजिन मात्र छान, कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला जवळपास सारखं.

लेकीला शेडसमोरच्या मोकळ्या जागेत चालवायला दिली. पहिल्या प्रयत्नात तिसरा गिअर पडला, दुसऱ्यात रिव्हर्स. वडील शेजारी सलग सीटवर बसून फक्त "कान दे, कान दे" म्हणत होते. उतरल्यावर ती म्हणाली, "बाबा, ही मजेची आहे, पण कॉलेजला मी स्विफ्टच नेणार. ब्रेक दाबला आणि विचार करायला वेळ मिळाला." नाना, तुमचा मुद्दा तिने तुमचा प्रतिसाद न वाचताच मांडला.

तर ठरलं असं: गंज आणि पुढचं काम करून घ्यायचं, पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉलला चालणारा घालायचा, आणि व्हिंटेजमध्येच नोंदवायची. बायकोने वाळवणाला गच्ची मागून घेतली.

स्पॅनर, एक विचारायचं होतं. सीटचे पट्टे बसवून घ्यावेत का? आणि टायर जुने ५.२०-१४ मापाचेच शोधायचे की रेडियल चालतील?

स्पॅनर

पट्टे जरूर बसवा, रॅलीला जाताना रस्ता तोच असतो. पण खांबाच्या पत्र्यात नुसता बोल्ट मारू नका, झटक्याला पत्र्यासकट निघून येईल. आतून जाड प्लेट वेल्ड करून त्यात नट घ्या, फरशीच्या टोकालाही तसंच. गंजाचं काम होईपर्यंत थांबा, कुजक्या पत्र्यावर वेल्डिंग धरत नाही.

टायर रेडियल घ्या, १४ इंची रिमवर बसतात. चारही एकसारखे. दोन रेडियल आणि दोन जुन्या धर्तीचे असं मिसळू नका, वळणावर गाडी हातात राहत नाही. रिम जुनी असेल तर आत ट्यूब टाका.

आरटीओ_वारी

पासिंग २०१९ ला संपलंय म्हणजे विलंब शुल्काचा विषय निघेल. अर्जाआधी आरटीओत जाऊन आकडा काढा. विमाही आधी लागेल. आणि गाडी टो करून न्या, चालवत नेऊ नका. दारातच दंड झाल्याची उदाहरणं आहेत.

चोक_ओढा

ते सगळं होईल. फोटो?

निवांत_मिरजकर

लेक म्हणतेय पट्टी कापलेली आहे, आत्ता नको.

कांदेनवमी

फाऊल.